माहुरी निद्रा आणि कर्मचारी-कल्याण

मुंबईस उतरलेली कोणतीही नवी कल्पना पुण्यात चर्चासत्रे करीत व नागपुरात सत्कार स्वीकारीत नांदेडास येईतो निम्मी झिजलेली असते. आणि तेथून मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गाने किनवटास उतरून, सागवानी रानातील वळणे घेत ती माहुरास पोहोचते तेव्हा बहुधा तिचे नाव तेवढे शाबूत राहिलेले असते. ‘वेलनेस’ने मात्र हा प्रघात मोडला. नोकरी करणाऱ्या माणसाच्या देहाची, मनाची, झोपेची आणि पचनाची काळजी नोकरी देणाऱ्याने वाहावी, आणि ती वाहिल्याचा पुरावा दरमहा आलेखाच्या रूपाने भिंतीवर लटकवावा, अशा आशयाची ही कल्पना एका दिवाळीच्या सुटीत संपूर्ण व सालंकृत अवस्थेत माहुरास दाखल झाली. कारण तिला घेऊन येणारे चिरंजीव हिंजवडीच्या एका संगणक-कंपनीत मनुष्यबळ खात्याचे अधिकारी होते, आणि त्यांचे तीर्थरूप रेणुकामातेच्या पायऱ्यांलगत लॉज, खानावळ व प्रसादाचे दुकान अशी तिहेरी पेढी पिढीजात चालवीत होते.

या तीर्थरूपांस सारा गाव ‘सावकार’ म्हणतो. मराठवाड्यात सावकार म्हणवून घेण्यासाठी कोणास कर्ज द्यावेच लागते असे नाही. गल्ल्यामागे बसण्याची भारदस्त बैठक आणि मागितलेली रक्कम उद्यावर टाकण्याची हातोटी एवढे भांडवल पुरते. त्यांच्या पदरी हिशेब लिहिणारे वृद्ध मुनीम, खानावळीतला आचारी व पोळ्या लाटणारी बाई, भांडी घासणारी मावशी, लॉजवरची दोन पोरे, प्रसादाच्या दुकानावर उभी राहणारी एक मुलगी, देवीचा तांबूल कुटणारे मामा आणि एस. टी. स्थानकावरून यात्रेकरू गाठून आणणारा जीपचा ड्रायव्हर, असा नऊ असामींचा जामानिमा होता.

नवरात्राच्या गावी नऊ या संख्येविषयी भक्तिभाव असावा हे स्वाभाविकच; परंतु सावकारांच्या भक्तीस कायद्याचेही अधिष्ठान होते. दुकाने व आस्थापनांविषयीचा १९४८ चा जुना कायदा, ज्याला व्यापारी मंडळी अजून ‘गुमास्ता’ या सुटसुटीत नावाने ओळखतात, तो बाजूस सारून महाराष्ट्र सरकारने २०१७ साली नवा कायदा केला, तेव्हा त्याचा मुख्य अंमल दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता राखला. दहाच्या आतल्या मालकाने सरकारदरबारी एक सूचनापत्र धाडले म्हणजे त्याची सुटका होई. तेव्हापासून या पेढीवर दहावा माणूस राबताना दिसला तर तो सावकारांचा भाचा असतो. नवरात्रात तर भाच्यांचा असा काही सुकाळ होतो की सावकारांना एकंदर बहिणी तरी किती, असा प्रश्न चौकस यात्रेकरूस पडावा.

यात सावकारांस दोष देण्याचे कारण नाही. माणसाच्या सुखदुःखास गणसंख्येची अट घालणे हा कायद्याचाच जुना स्वभाव आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असतील तर विसाव्याची खोली, अडीचशेहून अधिक असतील तर उपाहारगृह, आणि पाचशे भरले म्हणजे एक कल्याण अधिकारी, अशी चढती भाजणी लावून दिली होती. म्हणजे कायदा रचणाऱ्या विद्वानांच्या मते मनुष्यप्राणी दीडशेच्या जमावात थकतो, अडीचशेच्या जमावात त्यास भूक लागते, आणि त्याचे कल्याण व्हावे अशी इच्छा पाचशेच्या जमावाखेरीज कोणास होत नाही. नऊ जणांच्या पेढीतील माणूस केव्हा थकतो, हा प्रश्न त्या पेढीच्या मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविलेला असून ही बुद्धी यात्रेच्या दिवसांत गल्ल्यावर बसलेली असते.

वस्तुतः या प्रयोगास माहुराइतके अनुरूप क्षेत्र भरतखंडात दुसरे सापडणे कठीण. श्रीदत्तात्रेय प्रातःकाळी काशीस स्नान करितात, मध्याह्नी करवीरास भिक्षा मागतात आणि रात्री निद्रेस्तव माहुरगडी येतात, ही श्रद्धा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पहाटेचे स्नान, मिताहार आणि तोही मागून आणलेला, दिवसभराची पायपीट, आणि ठरल्या ठिकाणी ठरलेली झोप: लठ्ठ शुल्क आकारणाऱ्या कोणत्याही वेलनेस-सल्लागाराने याहून सरस दिनचर्या आखून दाखवावी. परंतु प्रत्यक्ष देवाने झोपेसाठी जे गाव पसंत केले, त्या गावात धंदा करणाऱ्या माणसास मात्र धड झोप मिळत नाही, हा तपशील क्षेत्रमाहात्म्यात यावयाचा राहून गेला आहे. यवतमाळकडची जीप रात्री दोनला येते, आदिलाबादकडची पहाटे साडेतीनला. एकीतील बाळास गरम दूध हवे असते, दुसरीतील आजोबांना पायऱ्या चढण्यापूर्वी गरम पाणी. मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्तमहाराजांचा, शनिवार-रविवार नोकरदार भाविकांचे, पौर्णिमा सर्वांची. शिवाय नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा या महायात्रा निराळ्याच.

मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार खंडोबाचा वार असल्याने ती सुटी देवकार्यासही उपयोगी पडली. कर्मचारी-कल्याणाचे त्यानंतरचे सारे उपक्रम एका पारड्यात आणि तो एक रविवार दुसऱ्या पारड्यात घातला तर पहिले पारडे वर जाईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण माहुरास हा न्याय लागू करावा कसा? देवाचा वार तो सुटीचा वार म्हणावे, तर येथे देवाचा वार तोच धंद्याचा वार. सोमवार व बुधवार तेवढे मोकळे उरतात, त्यांपैकी सोमवार महादेवाचा म्हणून बंद ठेवता येत नाही, आणि बुधवारी सुटी देण्याविषयी सावकारांस विचारले असता त्यांनी “बुधवारी कोणाला काय नड आलीय?” असा बिनतोड प्रतिप्रश्न केला. मुनिमांचे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. ते म्हणाले, “तिथं भोंगा होता जी. भोंगा वाजला की माणूस सुटायचा. हितं भोंगाच न्हाई, तर सुटावं कशानं?” लहान पेढीच्या कामगारशास्त्रावर याहून नेमके भाष्य माझ्या वाचनात नाही.

चिरंजीवांनी लॉजच्या गच्चीवर सर्वांस जमवून प्रास्ताविक केले, ते उत्तम होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली आणि कामगारांसाठी पुढे १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला, येथून त्यांनी आरंभ केला. यापुढे ते उत्पादकता, सकारात्मकता व संघभावना या विषयांवर बरेच बोलले, परंतु श्रोतृवृंदाचे चित्त नागपुरासच अडकून पडले होते, कारण भाषण संपून शंका विचारण्याची पाळी आली तेव्हा भांडी घासणारी मावशी हात पुसत उठली आणि म्हणाली, “साहेब, त्ये पेन्शनचं तेवढं पुन्यांदा सांगा.” त्या दिवशी सभा लवकर आटोपली.

पहिला उपक्रम पावलांच्या गणतीचा. प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत एक यंत्रणा बसविण्यात आली आणि दिवसाकाठी दहा हजार पावले हे उद्दिष्ट ठरले. लॉजवरच्या पोरांनी ते सकाळच्या न्याहारीपूर्वीच गाठले. कारण यात्रेकरूंच्या पेट्या, नारळांची पोती आणि क्वचित चालवेनासे झालेली एखादी आजी पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढणे हीच त्यांची वृत्ती होती, आणि आपण आजवर जे करीत होतो त्यास व्यायाम म्हणतात हे ऐकून त्यांस नवल वाटले. जीपच्या ड्रायव्हरने दत्तशिखराच्या वळणावळणाच्या रस्त्यास स्मरून पाऊल न उचलता दुसरा क्रमांक पटकाविला. खड्डा आणि पाऊल यांतील भेद त्या यंत्रणेस कळत नव्हता. मामा मात्र भिंतीवरील आलेखात तांबड्या रंगात, सर्वांच्या खाली, ‘निष्क्रिय’ या सदरात दिसू लागले. आता मामांची निष्क्रियता अशी की विड्याची पाने, कात, सुपारी, बडीशेप व वेलदोडे खलबत्त्यात घालून ते सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत कुटीत असत. माहूरच्या देवीस तांबूल प्रिय, आणि तो प्रसाद म्हणून घरी न्यावयाचा असल्याने पायऱ्यांवर दिवसभर हाच नाद घुमत असतो. चौथ्या दिवशी मामांनी आपला भ्रमणध्वनी बत्त्याच्या हातास फडक्याने बांधला. सायंकाळी आलेख पाहिला तेव्हा मामा किनवटास पायी जाऊन परत आलेले होते. पहिल्या क्रमांकाचे पारितोषिक म्हणून त्यांस नांदेडच्या एका व्यायामशाळेचे महिनाभराचे सभासदत्व मिळाले. ते कूपन त्यांनी घडी करून देव्हाऱ्यात ठेवले.

दुसरा उपक्रम मानसिक स्वास्थ्याच्या प्रश्नावलीचा. “कामाच्या ठिकाणी आपणांस जाणवणारा ताण एक ते दहा या श्रेणीत नोंदवा” अशा थाटाचे प्रश्न होते, आणि उत्तरे गोपनीय राहतील असे आश्वासन. ते मुनिमांनी गल्ल्यासमोर, सावकारांच्या साक्षीने, मोठ्याने वाचून दाखविले. मावशीने विचारले, “दहा चांगलं का एक चांगलं?” यात चांगले-वाईट असे काही नसते, मनास वाटेल ते सांगावे, असे चिरंजीवांनी समजाविल्यावर ती क्षणभर विचारात पडली व म्हणाली, “मग सावकाराला जे लावलंय तेच मला लावा.” मुनिमांनी हे धोरण सोयीचे मानून सर्वांच्या नावापुढे एकच आकडा टाकला, समोर सह्या-अंगठे घेतले, आणि आयुष्यभराच्या सवयीने खाली बेरीजही मारली.

मावशीच्या या उत्तरात आपण समजतो त्याहून अधिक अर्थ होता, हे आरोग्य-तपासणीच्या दिवशी कळून आले. परिचयातील एक डॉक्टर रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन आले. आचाऱ्याचे वजन थोडे अधिक भरले, पोळ्या लाटणाऱ्या बाईस रक्त कमी निघाले, मामांचा उजवा खांदा धरलेला होता आणि दुकानावरच्या मुलीच्या पोटऱ्या सुजलेल्या होत्या. परंतु यंत्राचा पट्टा गंमत म्हणून सावकारांच्या दंडाभोवती गुंडाळला, तेव्हा डॉक्टरांनी तो सोडून पुन्हा बांधला, पुन्हा सोडून तिसऱ्यांदा बांधला, आणि मग ते चिरंजीवांस एका बाजूस घेऊन गेले. मोठ्या कंपनीत मालक म्हणून जे काही असते ते भागभांडवलाच्या रूपाने कोठेतरी अंतराळात राहते. त्यास रक्तदाब होत नाही. लहान पेढीचा मालक हा मात्र खराखुरा दहावा कामगार असतो. तो सर्वांच्या आधी कुलूप काढतो व सर्वांच्या शेवटी लावतो; बँकेचा हप्ता, दुधाचे बिल, वीजमंडळाची नोटीस आणि यात्रा पावसाने बुडाल्याची रात्र ही सारी त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा असतात; त्यास रजा कोणाकडे मागावी हे ठाऊक नसते, आणि दुसऱ्याने मागितली म्हणजे ती देण्यास त्याची जीभ वळत नाही, यात दुष्टावा असतोच असे नाही; जी वस्तू आपण कधी पाहिली नाही ती माणसाने द्यावी कोठून? सावकारांना मीठ कमी करावयास सांगण्यात आले. त्यांनी खानावळीतील सर्वांच्याच भाजीतले मीठ कमी करविले. हा त्या कार्यक्रमातील एकमेव उपक्रम होय जो तत्काळ आणि निरपवाद अमलात आला. यात्रेकरूंनी तक्रार केली तेव्हा मीठ पुन्हा पूर्ववत झाले, व सावकारही.

तिसरा प्रकार योगाचा. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने २०२१ साली कामाच्या जागी करावयाचा पाच मिनिटांचा योगक्रम भ्रमणध्वनीवर उपलब्ध करून दिला आहे. ताडासन, खांदे फिरविणे, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी आणि ध्यान असा तो क्रम असून, खुर्चीत आठ-आठ तास रुतून बसलेल्या कारकुनवर्गासाठी तो खरोखरच हितावह आहे. सकाळी अकरास नऊही असामी दुकानापुढील ओट्यावर ओळीने उभ्या राहिल्या. खांदे फिरविण्याची आज्ञा होताच मामा चिरंजीवांकडे ज्या नजरेने पाहू लागले, तिचे वर्णन मी करू इच्छित नाही. पुढे भ्रामरीची पाळी आली. कानांत बोटे, डोळे मिटलेले, आणि नवांच्या कंठांतून एक दीर्घ गुंजारव सुरू झालेला, अशा समयी तेलंगणातून आलेले एक सालस कुटुंब पायऱ्या उतरत होते. पवित्र स्थळी नऊ माणसे एका ओळीत डोळे मिटून घुमताहेत हे पाहून त्यांनी जे करावयास हवे तेच केले: वहाणा काढल्या, डोईवर पदर घेतला आणि ओळीच्या शेवटास उभे राहून तेही गुणगुणू लागले. पाच मिनिटांनी सर्वांनी डोळे उघडले. कुटुंबप्रमुखाने अदबीने मुनिमांस विचारले, “हजरत, इस पूजा का कित्ता हुआ?” आणि मुनिमांनी, यांत्रिकपणे, अकरा रुपयांची पावती फाडली. चिरंजीवांनी त्या दिवशी योग थांबविला. सावकारांचे मत तो चालू ठेवावा असे होते.

एवढे सर्व झाल्यावर, परत जाण्याच्या आदल्या रात्री, चिरंजीवांस एक गोष्ट सुचली, जी पहिल्या दिवशी सुचली असती तर प्रस्तुत लेखास विषयच उरला नसता. त्यांनी नोकरांस विचारले की तुम्हांस काय हवे. बराच वेळ कोणी बोलेना, मग दुकानावरची मुलगी, जमिनीकडे पाहत, म्हणाली, “एक स्टूल पायजे.”

स्टूल! सावकार थक्क झाले. दरबारात बसावयाची परवानगी हा एकेकाळी मरातबाचा भाग असे, आणि गिऱ्हाईक उभे असता नोकराने बसावे ही कल्पना निजामी अमदानीत वाढलेल्या त्यांच्या पूर्वजांस कशी मानवली असती? परंतु या बाबतीत कायदा, आश्चर्याची गोष्ट, त्या मुलीच्या बाजूस होता. ज्या फॅक्टरी कायद्याने भुकेस अडीचशेची अट घातली, त्याच्याच ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांस मधूनमधून बसता यावे अशी सोय करण्यास सांगितले होते, आणि तेथे संख्येची अट नव्हती. अर्थात तो कायदा कारखान्यांचा, दुकानांचा नव्हे. दुकानांसाठी केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली बसण्याचा हक्क कायद्यात लिहून घेतला. त्यामागे कापडाच्या व दागिन्यांच्या भव्य दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी केलेली चळवळ होती. दोन राज्यांस सभागृहे भरवून जो हक्क द्यावा लागला, त्याची किंमत किनवटच्या सुताराकडे साडेचारशे रुपये होती.

धीर चेपल्यावर लॉजवरच्या थोरल्या पोराने आणखी एक मागणी मांडली. “दुपारी तासभर पडायला मिळालं तं बरं व्हईल, मालक. रातच्याला धा खेपा उठावं लागतंय.” आपल्या कंपनीत दुपारच्या डुलकीसाठी मंद दिव्यांच्या खास खोल्या केल्या आहेत, असे चिरंजीवांनी सांगितले. सावकारांनी पुत्राकडे प्रथमच खऱ्या काळजीने पाहिले. “झोपायचा पगार देतेत तुला?” त्यांनी विचारले, आणि मग पोराकडे वळून, “अरे, साक्षात देव हितं झोपायला येतंय. तुला कशी झोप येईना?”

यावर पोर गप्प बसले. उत्तर आले ते कोपऱ्यातून, चष्मा पुसत बसलेल्या मुनिमांकडून. “सावकार, देव झोपायला येतंय म्हणूनच तर हे जागायलेत.”

गच्चीवर काही वेळ फक्त मामांच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अखेर सावकारांनी फर्मान काढले: दुपारी दोन ते तीन पाळीपाळीने झोपण्यास मुभा, गिऱ्हाईक नसल्यास. दोन वाजता एस. टी. लागते हे सर्वांस ठाऊक होते, म्हणून ड्रायव्हरने वेळ अडीचपासून धरावी अशी दुरुस्ती सुचविली व ती संमत झाली. पहिल्या दिवशी अडीचला प्रथम झोपी गेले ते सावकार, गल्ल्याच्या पेटीवर डोके टेकून. त्यांना उठवावयाचे कोणी या वादात उरलेला अर्धा तास सर्वांस आयताच मिळाला.

चिरंजीव पुण्यास परतल्यावर आलेख भिंतीवरून उतरला आणि त्याच्या मागील कोऱ्या बाजूवर खानावळीचे नवे दरपत्रक लिहिले गेले. स्टूल मात्र आले. मुलगी त्यावर बसून नारळ-ओटी विकते, आणि गिऱ्हाईक त्यामुळे परत गेल्याचे ऐकिवात नाही. अडचण आली ती महिनाअखेरीस, कीर्द-खतावणी लिहिताना. मुनिमांनी लेखणी उचलून विचारले की स्टुलाचे साडेचारशे कोणत्या खात्यावर घालावेत. ‘किरकोळ’ म्हणावे तर रक्कम मोठी, ‘पगार’ म्हणावे तर उद्या सर्वच मागतील, ‘धर्मादाय’ म्हणावे तर देवीच्या दारात खोटे लिहिण्याची भीती. सावकारांनी कपाळास हात लावून बराच वेळ विचार केला.

“दुरुस्तीत टाका,” ते म्हणाले.

“कशाची दुरुस्ती लिहू?”

सावकारांनी स्टुलावर बसलेल्या मुलीकडे पाहिले, खांदा चोळीत असलेल्या मामांकडे पाहिले, ओट्यावर तोंड उघडे टाकून झोपलेल्या पोराकडे पाहिले, आणि मग प्राप्तिकर खात्यास मानवेल असे उत्तर दिले.

“इमारतीची.”